त्रिंबाकच्या वाइन आणि जेवण: या चुका टाळा

रिसलिंग, म्हणजे पांढऱ्या वाइनचं एक द्राक्ष, गोड असतं आणि गोड वाइन तिखटाबरोबर झक्कास लागते, एवढं दोन ओळींचं ज्ञान मोबाईलवर वाचून लोक त्रिंबाक या जुन्या वाइन घराण्याची बाटली उचलतात आणि मग मला फोन करतात, "अरे ही आंबट का लागतेय, खराब निघाली का?" खराब नाही निघाली बाबा. मी फ्रायबुर्गला राहतो, ऱ्हाईन ओलांडली की पलीकडे फ्रान्सचं आल्सास, त्यामुळे पुण्याहून, मुंबईहून, स्टुटगार्टहून जो कोणी येतो त्याला त्रिंबाकच्या गावी, रिबोविलेला फिरवून आणणं हे काम आपोआप माझ्याकडे आलंय, आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो, पुढच्या पाहुण्यांना आधी हे वाचायला लावणार.

घराणं न बघता नुसतं द्राक्ष बघणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या अर्ध्या चुका हिच्याच पोटातून येतात.

त्रिंबाक 1626 पासून वाइन करतायत. गाव रिबोविले, मागे व्होजचे डोंगर, पुढे ऱ्हाईनचं खोरं. पश्चिमेकडून येणारा पाऊस हे डोंगर अडवतात, त्यामुळे जवळचं कोलमार फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या शहरांपैकी एक आहे. ऊन भरपूर, शरद ऋतू लांबलचक, द्राक्षं नीट पिकतात, आणि मग हे लोक त्यातली साखर जवळजवळ सगळी आंबवून टाकतात. उरते ती ड्राय वाइन, अल्कोहोल 13 टक्क्यांच्या आसपास. त्यात भर म्हणजे यांच्या पांढऱ्या वाइनमध्ये मॅलोलॅक्टिक होऊ देत नाहीत. म्हणजे कच्च्या सफरचंदात जे आम्ल असतं ते तसंच ठेवतात, त्याचं दह्यातल्या मऊ आम्लात रूपांतर होऊ देत नाहीत. म्हणून ती पहिल्या घोटाला टोचते. ती तशीच करायची असते, त्यात काही चुकलेलं नाही.

आता जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची, काबिनेट नावाच्या हलक्या प्रकारातली रिसलिंग घ्या. अल्कोहोल आठ-नऊ टक्के, साखर शिल्लक, हलकीफुलकी. राग एकच पण किराण्याचा वेगळा आणि आग्र्याचा वेगळा, तसा हा प्रकार. इंटरनेटवर जे "रिसलिंग विथ स्पायसी फूड" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा त्या मोझेलवाल्या बाटलीबद्दल असतं. पण दोन्ही बाटल्या उंच आणि निमुळत्या, दोन्हीवर रिसलिंग लिहिलेलं, मग कोण कशाला पुढचं वाचतोय.

याचा कळस एका मित्राकडे बघितला. दिवाळीनंतरचं जेवण, जर्मन शेजारी बोलावलेले, आणि साहेबांनी खास म्हणून त्रिंबाकची फ्रेदेरिक एमिल आणलेली. ही काही साधी बाटली नाही. वाइनरीच्या मागच्या उतारावर गाइसबर्ग आणि ओस्टरबर्ग म्हणून दोन ग्रां क्रू, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचे, मळे आहेत, तिथली जुन्या वेलींची द्राक्षं, आणि बाटलीत भरल्यावर काही वर्षं तळघरात ठेवून मगच विकायला काढतात. ज्यांचं नाव बाटलीला आहे त्या फ्रेदेरिक एमिल त्रिंबाक यांनी 1898 ला ब्रसेल्सच्या प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळवलेलं. आणि समोर ताटात काय, तर वहिनींच्या हातचं मटण सुकं आणि तांबडा रस्सा, तोही अस्सल कोल्हापुरी, गावाहून आलेली चटणी घालून. रस्सा अप्रतिमच होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्यावर ही वाइन घेतली की तोंडात अक्षरशः जाळ. मिरचीचा झोंबरेपणा अल्कोहोलने वाढतो, वरून आम्ल त्याला डिवचतं, आणि शांत करायला साखरेचा कण नाही. शेजारच्या आजोबांच्या डोळ्यातून पाणी, वहिनी ओशाळल्या, मित्र म्हणाला "मला वाटतं दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला", आणि एका भाऊंनी तर शांतपणे उठून आपल्या ग्लासात स्प्राईट ओतलं. त्या वाइनमध्ये स्प्राईट!

मी अर्धी उरलेली बाटली तिथूनच उचलली, बूच घट्ट लावून घरी फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्राउट आणला, मीठ आणि पीठ लावून लोण्यात परतला, वरून लिंबू, बाजूला उकडलेले बटाटे, बास. मित्राला बोलावलं, काही न सांगता ग्लास हातात दिला. म्हणाला, ही कुठली, मस्तय. तीच आहे म्हटल्यावर जरा वेळ गप्प बसला.

माझा नियम साधा आहे: यांची ड्राय रिसलिंग म्हणजे मासे, कोंबडी, डुक्कर, आणि मसाला नावापुरता. तिकडचे लोक ती शुक्रूतबरोबर पितात, म्हणजे आंबवलेला कोबी, जुनिपरच्या बिया घालून रिसलिंगमध्येच शिजवलेला, वर सॉसेज आणि धुरावलेलं डुकराचं मांस. कोबी आंबट, मांस खारट आणि चरबीचं, वाइन दोन्हीला पुरून उरते. आपल्यातलं काही हवंच असेल तर रव्यात घोळवून तळलेला पापलेट करा, पण लाल तिखट अगदी नावाला, आणि चटणी त्या दिवशी नको. तांबडा रस्साच करायचा असेल तर मोझेलची काबिनेट आणा, नाहीतर सरळ बिअर आणा, कोणी रागावणार नाही.

रॉकेलचा वास आला म्हणून बाटली परत करणं

जुन्या रिसलिंगला रॉकेलसारखा वास येतो. येतोच. द्राक्षांच्या सालीत उन्हामुळे जी द्रव्यं साठतात त्यांच्यापासून बाटलीत वर्षानुवर्षं हळूहळू टीडीएन नावाचं रसायन तयार होतं, त्याचा हा वास. ज्यांचं लहानपण स्टोव्हच्या शेजारी गेलंय त्यांना तर पहिल्याच हुंगण्यात ओळखू येतो आणि मग ते चमकतात. कोलमारच्या एका विनश्टुबमध्ये, म्हणजे तिकडची लाकडी बाकांची खानावळ, आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी यावरून वेटरशी हुज्जत घातली, बाटली बदलून आणा म्हणाले. वेटरने बिचाऱ्याने दुसरी उघडली. तिलाही तोच वास. मग काका म्हणे यांचं गोदामच खराब आहे. मी मान खाली घालून कांद्याचा तार्त खात राहिलो.

बूच खराब झालेली वाइन वेगळी असते, तिला ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास येतो आणि फळाचा वास मेलेला असतो. ती जरूर परत करा. रॉकेल आणि त्याच्याखाली लिंबू, मध असं काही येत असेल तर गप्प प्या, त्याचेच पैसे दिलेत तुम्ही. आणि हो, बुचाला किंवा तळाला काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, काच नाही आणि साखर पण नाही. शेवटचा घोट ग्लासात ओतू नका, झालं.

फ्रीजर

पाहुणे दारात आल्यावर बाटली फ्रीजरमध्ये टाकायची आणि मग विसरायचं, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता गेल्या गेल्या आधी फ्रीजरचं दार उघडून बघतो. फुटली नाही तरी बर्फागार वाइनला वासच नसतो, उरतं नुसतं आम्ल. घरच्या फ्रिजमध्ये चार-पाच डिग्री असतं, साधी रिसलिंग आठ ते दहाला चांगली लागते, फ्रेदेरिक एमिलसारखी भारी बाटली त्याहून थोडी वर. म्हणजे जेवणाआधी वीसेक मिनिटं फ्रिजबाहेर काढून ठेवा, एवढंच. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला, त्यात बाटली बुडवा, पाव तासात काम होतं. नुसत्या बर्फात ठेवून काही होत नाही, पाणी पाहिजे. ग्लासात बर्फाचा खडा टाकणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडून दिलंय.

गेवुर्झट्रामिनरला गोड समजणं

हे आल्सासचं आणखी एक पांढऱ्या वाइनचं द्राक्ष. वास लिचीचा आणि गुलाबाचा, जवळजवळ गुलकंदच, त्यामुळे नाक म्हणतं गोड आणि जीभ म्हणते नाही. त्रिंबाकची तर बऱ्यापैकी ड्रायच असते. हिला आम्ल कमी आणि अंगाने जड, म्हणून माशाबरोबर दिलीत तर मासा कुठे गेला कळणार नाही. हिची खरी जोडी मुन्स्टर चीजशी. व्होजच्या पलीकडच्या-अलीकडच्या कुरणांमधलं, बाहेरून केशरी, चिकट, आणि वास असा की गाडीत ठेवलं तर दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. तिकडे ते शहाजिऱ्यासारखी दिसणारी कॅरवे शिंपडून खातात. चीजच्या कडेची साल खरवडून काढणारे लोक असतात, काढा हवी तर, पण मग वाइन एकटी पडते. आपल्या जेवणातलं काही हिच्याबरोबर जात असेल तर नारळाच्या दुधातली सौम्य काजूची उसळ, दालचिनी-वेलदोडा जाणवेल पण झणका नाही अशी. मी हे बऱ्याचदा केलंय, जर्मन लोक पण ताट पुसून खातात.

लेबलवर "वांदांज तार्दिव" असेल तर मात्र ती उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, बहुतेक वेळा खरीखुरी गोड. "सेलेक्सियों द ग्रें नोब्ल" असेल तर बुरशीने आकसलेले दाणे वेचून केलेली, अजून गोड. हे दोन्ही शब्द 1984 पासून कायद्याने बांधलेत. एकीने जेवणाच्या सुरुवातीलाच ही वांदांज तार्दिव सगळ्यांना वाटली आणि मग शुक्रूत वाढलं. ती वाइन शेवटी, निळ्या चीजबरोबर किंवा फळांच्या तार्तबरोबर. आधी गोड पाजलंत की पुढची प्रत्येक ड्राय वाइन व्हिनेगर लागणार, हे टेस्टिंगलाही लागू आहे, काउंटरवरच्या बाई ज्या क्रमाने देतात त्याच क्रमाने प्या, "आधी ती गोडवाली द्या ना" असं नको.

गोडपणा ओळखायचा सोपा रस्ता पण आहे, कोणी बघत नाही हा भाग वेगळा. 2021 च्या द्राक्षांपासून आल्सासच्या बाटल्यांवर गोडी लिहिणं सक्तीचं झालंय: सेक म्हणजे ड्राय, मग दमी-सेक, मोअलो, आणि दू म्हणजे पूर्ण गोड. चष्मा लावा आणि वाचा.

किरकोळ, पण रोजच्या

तार्त फ्लांबे, म्हणजे पातळ पोळीवर क्रीम, कांदा आणि बेकनचे तुकडे, याच्यासाठी भारी बाटली फोडू नका, पिनो ब्लां ही साधी पांढरी वाइन किंवा क्रेमां ही तिकडची फसफसणारी वाइन पुरे.

शतावरीच्या सीझनमध्ये मुस्का द्राक्षाची वाइन. गोड मुस्का नाही, आल्सासची ड्राय. पांढऱ्या शतावरीपुढे बाकीच्या बऱ्याच वाइन कडवट लागतात.

पिनो ग्री ही जड पांढरी वाइन मशरूम, भाजलेलं डुक्कर, बदक यांच्याबरोबर. बेकोफ केलंत, म्हणजे वाइनमध्ये रात्रभर मुरवलेलं मांस आणि बटाटे मातीच्या भांड्यात कणकेने झाकण चिकटवून, तरी चालते. पण झाकण मध्येच उघडून बघू नका, सगळी वाफ जाते. सांगून उपयोग नसतो हे माहितेय.

स्वयंपाकात घालायला महागडी रिसलिंग नको, पण "कुकिंग वाइन" म्हणून मिळणारं ते पाणी पण नको. मी सगळ्यात साधी पिण्यालायक बाटली आणतो, एक कप भांड्यात, बाकी स्वयंपाक करणाऱ्याला.

हिरव्या देठाचे ते छोटे ग्लास दुकानात फार गोड दिसतात, आणा, शोकेसमध्ये ठेवा. प्यायला ट्युलिपसारखे आत वळलेले घ्या, नाहीतर वास उडून जातो.

क्लो सांत उन आणि घाई

उनावीर गावाच्या चर्चखाली रोझाकेर नावाच्या ग्रां क्रूमध्ये चुनखडीच्या जमिनीचा 1.67 हेक्टरचा एक तुकडा आहे, तिथली रिसलिंग म्हणजे क्लो सांत उन. त्रिंबाकचं सगळ्यात मोठं नाव, पहिली वाइन 1919 ची, आणि किंमत अशी की घेताना घरच्यांना सांगू नये. नवशिके पगार झाला की हीच घेतात आणि त्याच शनिवारी उघडतात. मग म्हणतात यात काय विशेष, नुसतं दगड आणि लिंबू. बरोबर आहे, तरुणपणी ती तोंड मिटूनच असते, दहा-पंधरा वर्षांनी बोलायला लागते. डिकँटरमध्ये ओतून, ब्लेंडरमध्ये फिरवून वगैरे (हो, हे पण बघितलंय) वर्षं भरून निघत नाहीत. तेवढा धीर नसेल तर साधी रिझर्व्ह रिसलिंग घ्या, क्लो सांत उनच्या किमतीच्या अगदी थोड्या पैशांत चार मित्रांचं जेवण होतं. आणि उघडलीच तर समोर साधा पदार्थ ठेवा, वाफवलेला मासा, लॉब्स्टर परवडत असेल तर लोण्यातला लॉब्स्टर. लसूण नको, सॉस नको, भाषण पण नको.

भारतात न्यायची असेल तर, आल्सासच्या बाटल्या बाकीच्यांपेक्षा उंच असतात, पुठ्ठ्याचे नेहमीचे वाइन बॉक्स बोर्दोच्या मापाचे, त्यात घुसत नाहीत आणि लोक झाकण उघडं ठेवून टेप मारतात. वाइनरीतच उंच बॉक्स मागून घ्या, चेक-इन बॅगेत मधोमध, चारी बाजूंनी कपडे. ड्युटी-फ्री मर्यादा माणशी दोन लिटर, म्हणजे 750 मिलीच्या दोनच बाटल्या बसतात, तिसरी टाकलीत की सव्वादोन लिटर होतात आणि मग मुंबईला कस्टमच्या काउंटरवर उभे राहून मला फोन करू नका.