दवाखाना लांब असेल तर बाळंतपणाची तयारी कशी करावी

आधी एक आकडा काढा. घराच्या उंबऱ्यापासून, जिथे सिझेरियन होतं आणि रक्तही मिळतं अशा दवाखान्याच्या दारापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? किलोमीटर सांगू नका, वेळ सांगा, आणि तोही रात्री दोनचा, भर पावसातला. गाडी शोधायला, चालकाला उठवायला, ओढ्याचं पाणी उतरायला लागणारा वेळ त्यातच धरायचा. जवळचा दवाखाना २० मिनिटांवर असला तरी तिथे रात्री कोण असतं, ऑपरेशन होतं का, हे दिवसा जाऊन विचारून या. होत नसेल तर तिथून पुढच्या दवाखान्याचा वेळही कागदावर लिहा.

एवढा काटेकोर हिशेब कशासाठी? बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत दगावू शकते. पुढची सगळी तयारी या दोन तासांभोवती फिरते.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ साली बाळंतपणातल्या मातांच्या मृत्यूंमागचे तीन उशीर मांडले: निघायचं ठरवण्यात झालेला, पोचण्यात झालेला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात झालेला. यातला पहिला उशीर पूर्णपणे घरातला असतो. कर्ता माणूस बाहेरगावी, त्याचा फोन लागत नाही, आणि घरातल्या बायका त्याच्या होकाराची वाट पाहत बसतात. म्हणून सातव्या महिन्याच्या आतच सगळ्यांसमोर ठरवून टाका: अमुक लक्षण दिसलं की त्या वेळी घरात जे कोणी असेल ते तिला घेऊन निघेल, कोणालाही विचारायचं नाही. ती लक्षणं, दोन गाडीवाल्यांचे नंबर, रक्त देऊ शकतील अशा दोन-तीन निरोगी माणसांची नावं आणि तिचा रक्तगट एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवा. पैसे आधीच बाजूला काढून ते कुठे आहेत हे तिला स्वतःला माहीत असू द्या. मोठी मुलं, म्हातारी माणसं आणि गुरं कोण सांभाळणार हेही ठरवा; पुष्कळदा बाईचा पाय घरातून निघत नाही तो यामुळेच.

तारीख काढणं सोपं आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ७ दिवस आणि ९ महिने मिळवा. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख १७ मार्च. पण नेमक्या त्या दिवशी फार थोडी बाळं जन्मतात. ३७ पूर्ण आठवड्यांपासून ४२ आठवड्यांपर्यंत कधीही कळा येऊ शकतात, म्हणून ३६व्या आठवड्याला सगळं तयार हवं. सोनोग्राफीची तारीख धरायची असेल तर पहिल्या तीन महिन्यांतली धरा. शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख दोन-तीन आठवडे मागेपुढे होऊ शकते, आणि तिच्यावर विसंबून गाडी सांगितली की फजिती ठरलेली.

काही बायकांनी जवळच्या लहान दवाखान्याच्या भरवशावर राहूच नये: आधी सिझेरियन झालेलं, आधीच्या खेपेला खूप रक्त गेलेलं, जुळं, बाळ आडवं किंवा पायाळू, वार (बाळाला नाळेने जोडलेला, गर्भपिशवीला चिकटलेला भाग) खाली असलेली, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, हिमोग्लोबिन ७ च्या खाली. यांनी मोठ्या दवाखान्यातच नाव घालावं. घरापासून तिथवर दोन तास लागत असतील तर ३७ आठवडे भरायच्या आतच त्या दवाखान्याजवळ राहायला जावं. खर्च होतो, अडचण होते, तरी याला दुसरा चांगला पर्याय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे गर्भारपणात निदान ८ वेळा तपासणी व्हावी. दर वेळी रक्तदाब मोजून घ्या. लघवीतली प्रथिनं आणि हिमोग्लोबिन कधी तपासणार हे तिथेच विचारा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि कमी रक्ताच्या बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. लोहाच्या गोळ्या अर्ध्यात सोडल्या जातात त्या मळमळीमुळे आणि शौच काळी होते या भीतीमुळे. काळी शौच निरुपद्रवी आहे; मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी मात्र तिच्यापासून दोन तास लांब ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी कधीच घेतलेलं नसेल तर दोन डोस लागतात: दोन्हींत किमान ४ आठवडे अंतर, आणि दुसरा बाळंतपणाच्या किमान २ आठवडे आधी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना अँटी-डी इंजेक्शनबद्दल (आईचं शरीर बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध उठू नये म्हणून देतात ते) आपणहून विचारा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ते जन्मानंतर ७२ तासांत मिळावं लागतं.

पिशवीचं फारसं कौतुक नको. तपासणीचे सगळे कागद, पैसे, चार्ज केलेला फोन, टॉर्च, आईचे दोन जोड कपडे, पॅड किंवा धुऊन कडक उन्हात वाळवलेले सुती कापड, बाळासाठी चार मऊ फडकी, टोपरं, पायमोजे आणि एक उबदार पांघरूण. कागद सगळ्यात वर. धांदलीत घरी राहतात ते नेमके तेच, आणि मग रक्तगटापासून सगळं नव्याने तपासावं लागतं.

खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो, आणि चाललं किंवा आडवं झालं तरी थांबत नाहीत. खोट्या कळा विश्रांतीने, पाणी प्यायल्यावर विरतात. दवाखाना जवळ असेल आणि पहिली खेप असेल तर दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येईपर्यंत थांबता येतं. लांबच्या गावाला हा नियम लागू नाही. कळा नियमित झाल्या की निघा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तर घड्याळ बघत बसूच नका. गाडीत डाव्या कुशीवर झोपवा.

पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघायचं. पाण्याचा रंग बघून ठेवा: हिरवट किंवा दुर्गंधीचं असेल तर पोचताक्षणी सांगा. पाण्याबरोबर नाळ बाहेर दिसली तर ती आत ढकलू नका. बाईला गुडघे आणि छातीवर ओणवं करा, कंबर उंच ठेवा आणि तशीच न्या.

कळा असोत-नसोत, ताबडतोब निघायची लक्षणं ही: अंगावरून रक्त जाणं, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, धाप, पोटात सतत न थांबणारी दुखणी, बाळाची हालचाल मंदावणं किंवा थांबणं. झटके आले तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी, काही घालू नका.

बाळ वाटेतच आलं तर? यासाठी पिशवीत एक वेगळी पुडी हवी: साबण, स्वच्छ प्लास्टिकचं कापड, न उघडलेलं नवं ब्लेड, २० मिनिटं उकळून स्वच्छ डबीत ठेवलेले दोऱ्याचे तीन तुकडे, हातमोजे. हात साबणाने धुवा. जोर तिला स्वतःला करू द्या. वरून पोट दाबल्याने गर्भपिशवी फाटू शकते. घरी कोणी कळा वाढवायचं इंजेक्शन देऊ केलं तर त्याच कारणासाठी साफ नको म्हणा. बाळ आलं की लगेच पुसून कोरडं करा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांना मिळून पांघरा. रडलं नाही तर पाठ चोळा. नाळ कापायची घाई नाही, तासाभरात दवाखाना गाठणार असाल तर कापूही नका. कापावीच लागली तर नाळेतले ठोके थांबल्यावर, बेंबीपासून दोन बोटांवर एक गाठ, पुढे थोड्या अंतरावर दुसरी, आणि मधे ब्लेड. तिसरा दोरा रक्त झिरपलं तर उपयोगी पडतो. नाळेवर राख, हळद, तेल, शेण काहीही लावू नका. धनुर्वात आणि जंतू त्यातूनच शिरतात. वार ओढू नका. ती बहुधा अर्ध्या तासात आपोआप पडते. पडली की दवाखान्यात दाखवायला सोबत घ्या, कारण तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही.

बाळाला तासाभरात अंगावर पाजा. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नका. पाजण्याने गर्भपिशवी आवळते आणि रक्तही कमी जातं. आईला लघवी करायला लावा, बेंबीखाली हात ठेवून गर्भपिशवी कडक लागते का बघा. मऊ लागली तर गोल चोळा. ५ मिनिटांच्या आत एक पॅड चिंब होत असेल, किंवा थोडंथोडं पण न थांबता वाहत असेल, तर क्षणही न घालवता मोठ्या दवाखान्याकडे निघा.

दवाखान्यात बाळंतपण झालं तरी निदान २४ तास तिथेच थांबायचं, बाळाला पहिली अंघोळही तेवढ्या वेळाने. परतीची गाडी सांगताना हा दिवस धरा. आणि भिंतीवरचा कागद लगेच काढू नका. रक्तस्राव, ताप आणि झटक्यांचा धोका पुढचे सहा आठवडे असतो. त्याच कागदाखाली बाळाची लक्षणं जोडून ठेवा: पीत नाही, अंग गार किंवा तापलेलं, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे, बेंबी लाल किंवा पू.