चौकटीत पाणी कसं काढायचं

सध्या मी एकतिसाव्या पानावर अडकले आहे. हे कॉमिकचं पुस्तक ६४ पानांचं होणार. ६४च का, तर छापखान्यात १६ पानांचा एक फर्मा धरला, तसे चार फर्मे. पासष्टावं पान कितीही भारी सुचलं तरी ते मनातच ठेवायचं.

एकतिसाव्या पानावर लातूरची एक गल्ली आहे. पहाटेचे चार वाजलेत. घागरींची लांबच लांब रांग लागलीय आणि माणूस एकही नाही.

हे मी रचलेलं नाही. मार्च २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं, आमची दहावीची परीक्षा चालू. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्यांजवळ जमावबंदी लागली, कलम १४४. पाचाहून जास्त माणसं एकत्र उभी राहायची नाहीत. मग लोकांनी काय केलं, तर रात्रीच घागरी रांगेत लावल्या आणि घरी जाऊन झोपले. घागरींना कलम लागू नव्हतं.

अडचण एकच होती, सगळ्या घागरी सारख्या. प्लास्टिकच्या, निळ्या नाहीतर केशरी. आई म्हणाली, "दिवसभर चित्रं काढत बसतीस, मग आपल्या घागरीवर काढ की कायतरी." मी घरातल्या उरलेल्या ऑइलपेंटनं मासा काढला. तिसऱ्या दिवशी माशाचे खवले खरोखरच निघाले. कोपऱ्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटरकाका बसायचे. ते म्हणाले, "प्लास्टिकवर रंग धरत न्हाई बाई. आधी सँडपेपर मार, मग रंग लाव." तसं केलं, टिकलं. मग गल्लीतल्या १९ घागरी माझ्याकडे आल्या. काहींना नाव लिहून हवं होतं, पण पहाटे अंधारात नाव वाचता येत नाही, आकार ओळखता येतो. म्हणून कुणाला विंचू, कुणाला कुलूप, कुणाला चंद्रकोर. एका काकूंनी मोबदला म्हणून अर्धी कळशी पाणी दिलं. त्या महिन्यात तो चांगला भाव होता.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की चित्रकला शिकणारी मुलं मला भेटली की पहिला प्रश्न विचारतात, "ताई, टॅब कुठला घेऊ?" माझा उलटा प्रश्न असतो: तू काढलेलं चित्र, शेजारच्या काकूंना अंधारात ओळखू येईल का?

लातूरमध्ये वाढलात तर अकरावी-बारावीला सायन्सला पर्याय नसतो. लातूर पॅटर्न काय असतो हे बाहेरच्यांनी कुणाही लातूरकराला विचारावं. मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा मी दोनदा दिली. मार्क सांगत नाही. पुढे संभाजीनगरला उपयोजित कलेत बीएफएची चार वर्षं केली. ज्यांना त्या वाटेनं जायचंय त्यांनी शाळेतच एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा उरकून घ्या, आणि बारावीनंतर प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते तिच्या तारखांवर लक्ष ठेवा. कॉलेजात स्थिरचित्र, अक्षरलेखन, जाहिरात हे सगळं नीट शिकवतात. कॉमिक कुणी शिकवत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, अक्षरलेखनाचे तास मात्र बुडवू नका. मी बुडवले आणि आता भोगतेय.

कॉमिक मला खरं शिकवलं ते क्लासच्या नोट्सनी. डिग्री घेऊन परत आले तेव्हा हाताला काम म्हणजे जीवशास्त्राच्या आकृत्या. पहिली आकृती हृदयाची. रात्रभर बसून छटा दिल्या, रक्तवाहिन्यांवर चमक आणली. सरांनी कागद दोन हात लांब धरला आणि म्हणाले, "चित्र लई भारी आहे. पण ही रेघ कुठल्या कप्प्याकडं जायलीय?" खरंच, महाधमनीच्या नावाची रेघ फुप्फुसधमनीच्या नावाच्या रेघेला कापून गेली होती. रात्री एक वाजता पेंगत वाचणाऱ्या सतरा वर्षांच्या पोरानं ती चुकीचीच वाचली असती. त्यानंतर शे-दीडशे आकृत्या काढल्या. नावं शक्यतो एका बाजूला घ्यायची, रेघांनी एकमेकींना कापायचं नाही, डोळा जिथं आधी जातो तिथं महत्त्वाचं ठेवायचं.

संवादांच्या फुग्यांना हाच नियम लागतो. मराठी डावीकडून वाचतो, म्हणून आधी बोलणारा डावीकडे उभा करा. नवे लोक आधी छान चित्र काढतात, मग फुगे टाकायला जागा शोधतात, आणि मग फुग्यांच्या शेपट्या एकमेकींत अडकतात. माझी पद्धत उलटी: कच्च्या पानावर आधी फुगे, उरलेल्या जागेत माणसं. माणसं तक्रार करत नाहीत.

प्रभाव कुणाचे, हाही नेहमीचा प्रश्न. मामाकडे जुन्या 'चांदोबा'चा गठ्ठा होता, त्यातला खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम शंकर या चित्रकारानं काढलेला. तो राजा मी इतक्या वेळा गिरवला की कागदाला भोक पडलं. 'किशोर' शाळेत यायचा. आणि व्यंगचित्रकार शि. द. फडणीस. एक शब्द न लिहिता माणसाला हसवणं किती कठीण आहे हे आपण स्वतः एक निःशब्द पान काढून बघेपर्यंत कळत नाही.

मोठी शाळा मात्र दारातच आहे आणि आपण तिथं फक्त सहलीला जातो. वेरूळचं कैलास, सोळा क्रमांकाचं लेणं. मंडपाच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर रामायण कोरलंय, आडव्या रांगांवर रांगा. समोर उभं राहून ते पान वाचावं तसं वाचा. दुसऱ्या बाजूला महाभारत आणि कृष्णकथा. अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक (बुद्धाच्या पूर्वजन्माची एक गोष्ट) आहे, तिथं तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो आणि तरी आपला गोंधळ होत नाही. खांब, दारं, झाडं हेच चौकटीचं काम करतात. मी तीन दिवस नुसते खांब रेखाटले. माझ्या पानावर जिथं चौकटीची रेघ नको असते तिथं आता विजेचा खांब येतो. (अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. आमची बस एकदा मंगळवारीच पोचली होती.)

२०११ साली आलेलं 'भीमायन' हे कॉमिक प्रत्येकानं बघावं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग काढलेत. पहिला भागच पाण्याचा. सरळ चौकटी नाहीतच. मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यात हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून बाबासाहेबांना आणि त्यांच्या सोबत्यांना काय ऐकावं लागलं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मराठवाड्यात पाण्याची गोष्ट काढायला बसलं की ही घटना ओलांडून जाता येत नाही. माझ्याही रांगेत एक घागर बाकीच्यांपासून हातभर लांब ठेवलेली आहे. त्यावर मी फुगा टाकलेला नाही.

आता हातचं काम. गोष्ट आधी मी सहा ओळींत लिहिते. मग काडेपेटीएवढ्या चौकटींत सगळी पानं, नुसती काड्यांची माणसं. या टप्प्यावर आठ दिवस गेले तरी चालतील, कारण इथं एक प्रसंग हलवायला दोन मिनिटं लागतात आणि शाई झाल्यावर दोन दिवस. दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीला इंग्रजीत गटर म्हणतात. आमच्या गल्लीत गटर म्हटलं की वेगळंच डोळ्यांपुढे येतं, म्हणून मी तिला बोळ म्हणते. बोळ रुंद केला की वेळ जास्त गेल्यासारखा वाटतो. रांगेच्या पानावर माझे बोळ बोटभर रुंद आहेत.

मूळ पान ए-थ्री कागदावर, छपाई ए-फोरला. शाई करण्याआधी पेन्सिलचं पान झेरॉक्सवाल्याकडे ७१ टक्क्यांवर काढून बघा. ०.१ च्या पेननं घातलेल्या नाजूक रेघा बारीक होऊन उडून जातात, आणि ते छापून आल्यावर कळलं तर रडू येतं. स्कॅन ६०० डीपीआयला. रंगासाठी मी क्रिटा हे सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे आणि पुरतं.

कागदावर पाणी कसं काढायचं यात माझं एक वर्ष गेलं. लाटा काढल्या, थेंब काढले, चमक काढली, सगळं कॅलेंडरसारखं दिसायचं. मग लक्षात आलं की पाणी काढायचं नसतं, सोडायचं असतं. नगरपालिका सोडते तसं. भेगाळलेली जमीन, धूळ, फुफाटा यांना रेघाच रेघा लागतात. पाण्याला कोरा कागद. माझ्या पुस्तकात सुरुवातीची पानं रेघांनी काळीकुट्ट आहेत आणि एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत ही पाण्याची रेल्वेगाडी येते, १० टाक्या, सुमारे पाच लाख लिटर, तिथपासून पानं पांढरी होत जातात.

आवाजांचं पण तेच. नवी मुलं देवनागरीत 'स्प्लॅश' लिहितात. अरे, आपल्याकडे खळखळ, झुळझुळ, घळघळ, टपटप असा खजिना पडलाय! घागर भरताना नीट ऐका. रिकामी असते तेव्हा थडथड, मग भळभळ, गळ्याशी पाणी आलं की डुबुक डुबुक. मी ही अक्षरं घागरीच्या पोटातच लिहिली, खाली मोठी आणि वर जाताना लहान.

अक्षरांबद्दल जरा सविस्तर, कारण इथंच आपली कॉमिक्स मार खातात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींत भरपूर जागा लागते. इंग्रजी कॉमिकचा फुगा उचलून त्यात मराठी कोंबू नका. हातानं लिहिताना मी आधी पेन्सिलनं शिरोरेघ आखते, त्याखाली अक्षराची रेघ, वर-खाली अर्धी-अर्धी उंची मोकळी. फॉन्ट वापरणार असाल तर 'ल' आणि 'श' तपासा. पुष्कळ फॉन्टमध्ये ती हिंदी वळणाची येतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट आपलं वळण देतात. आणि चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून एका लग्नपत्रिकेत 'प्रकाश'चे तुकडे झाले होते. प्रकाशच्या वडिलांनी ते फार शांतपणे घेतलं नाही.

पैशाचं. कॉमिकवर माझं घर चालत नाही. आकृत्या, पत्रिका, दिवाळी अंकांची रेखाटनं यांवर चालतं. दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशनानं माझी चार पानं छापली. त्यात नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, "आलो आलो, घागर भरूलालो." छापून आलं, "थांब, मी घागर भरत आहे." लातूरच्या गल्लीतला पोरगा बातम्या दिल्यासारखा बोलायला लागला. विचारलं तर म्हणाले, वाचकांना कळणार नाही. मानधनाबद्दल विचारलं तर मलाच काही कळेना असं उत्तर आलं. शेवटी त्या पैशांवर पाणी सोडलं. तेव्हापासून काम घेण्याआधी एका कागदावर लिहून घेते: दर किती, दुरुस्त्या किती वेळा, संवाद विचारल्याशिवाय बदलायचे नाहीत. हक्कांचंही लिहाच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि करारात मुदत नसेल तर पाच वर्षं धरली जाते. ओळखीचा माणूस असेल तर जास्तच लिहून घ्या.

रोजचा दिवस विशेष नसतो. पहाटे पाच ते नऊ शाई. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर टाकाच्या निबवरच शाई वाळते आणि मनगटाचा घाम कागदावर उतरतो, म्हणून हाताखाली टीपकागद. कूलर लावावा तर त्या ओल्या हवेनं कागद मऊ पडतो आणि रेघ फुटते. पंखा लावावा तर पानं उडतात. म्हणून उन्हाळ्यात दुपारी फक्त संगणकावरचं काम, आणि लाईट गेली की डुलकी. दिवसाला अर्धं पान झालं तरी मी खूश असते. दोन दिवस काहीच झालं नाही तर बाजारात जाऊन घागरी घेऊन उभी राहिलेली, ओझं उचलणारी, कंबरेवर हात ठेवलेली माणसं रेखाटते.

तर एकतिसावं पान. काल रात्री पेन्सिल पूर्ण झाली म्हणून आईला दाखवलं. ती चित्राकडे बघत नाही, रांगेकडे बघते. बोट ठेवून एकेक घागर मोजत गेली. विंचू, कुलूप, चंद्रकोर, मासा.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"आपला नंबर कुलूपवाल्यांच्या आधी होता. त्यांनी रात्री घागर पुढं सरकवली होती. मी बघितलं होतं, पण बोलले न्हाई."

दहा वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. एकतिसावं पान मी पुन्हा काढतेय. एक चौकट वाढणार, आणि ६४ पानांच्या बाहेर जायचं नाही म्हणून दुसरीकडची एक कापावी लागणार. बहुतेक पेंटरकाकांची जाईल. त्यांना अजून सांगितलेलं नाही.