चतुर्थीच्या चौरंगाला जास्वंदीची किनार

गणपती आपल्या घरचा, माटवीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीची, फळं-फुलं आपल्या परसातली, मोदक आपल्या हातचे. मग चौरंगावर तेवढं बाजारातलं चमकीचं कापड कशाला? जूनमध्ये सुरुवात केली तर क्रॉस स्टिचची, म्हणजे फुलीच्या टाक्याची, लाल जास्वंदीची किनार चतुर्थीपर्यंत भरून होते, आणि धुऊन-वाळवून नीट ठेवली तर तेच कापड वर्षानुवर्षं काढता येतं. मी वेंगुर्ल्यात राहते. इथे पाऊस लागला की बरणीतल्या मिठालासुद्धा पाणी सुटतं. अशा हवेत भरतकाम करायचं तर सुई-दोऱ्याइतकंच लक्ष ओलाव्याकडे द्यावं लागतं, म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

कापड आणि मोजणी

चौकटींचं कापड घ्या. दुकानात मॅटी म्हटलं तरी देतात, आयडा म्हटलं तरी कळतं. एका इंचात किती चौकटी आहेत हे मात्र विचारून घ्या. १४ चौकटींचं कापड फ्रेममधल्या चित्राला छान, पण एवढ्या मोठ्या कामाला ११ चौकटींचंच बरं. पावसात भर दुपारी अंधारून येतं, वीज कधी जाईल सांगता येत नाही. पडवीतल्या उजेडात ११ च्या चौकटी सहज दिसतात, १४ च्या कापडावर डोळे ताणावे लागतात. रंग पांढरा किंवा मोतिया.

आमचा चौरंग १८ इंची, चौरस. चारी बाजूंनी ४ इंच कापड खाली लोंबायला हवं, म्हणजे तयार कापड २६ इंच. दुमडीसाठी प्रत्येक बाजूला १ इंच धरला की २८, आणि कडा उसवतात, कापड थोडं आटतंही, म्हणून ३० इंच कापून आणा. कडांना आधीच पिको-फॉलवाल्याकडून इंटरलॉक करून घ्या. मग तासभर पाण्यात भिजवून खळ काढा, वाळवा, इस्त्री करा. बऱ्याच जणी खळ तशीच ठेवतात, कारण ताठ कापडावर भरायला सोपं जातं. फ्रेमच्या चित्राला ते चालेल. हे कापड दर वर्षी पाण्यात जाणार आहे, तर जे आटायचं ते आधीच आटू दे. शिवाय खळीच्या कापडावर बुरशी लवकर धरते आणि कसरही लागते.

यापुढे टेप बाजूला ठेवा आणि फक्त चौकटी मोजा. २६ इंचांत ११ प्रमाणे २८६ चौकटी. माझं फूल २२ चौकटी रुंद आणि २२ उंच, दोन फुलांमध्ये ४ चौकटी मोकळ्या. कोपऱ्यांतली धरून एका बाजूला १० फुलं घेतली तर फुलांच्या २२०, मधल्या नऊ मोकळ्या जागांच्या ३६, एकूण २५६. उरल्या ३०, म्हणजे दोन्ही टोकांना १५-१५. काठापासून पंधरा चौकटी आत किनार सुरू होते आणि साडेतीन इंचांच्या आत संपते, त्यामुळे लोंबणाऱ्या ४ इंचांत ती पूर्ण बसते. वरच्या सपाट भागावर काही भरू नका. तिथे पाट, मूर्ती, दूर्वा, हळद-कुंकू येणार. फुलं झाकली जातील आणि डाग तेवढे त्यांच्यावरच पडतील.

तुमचा चौरंग वेगळ्या मापाचा असला किंवा धुतल्यावर चौकटी थोड्या कमी-जास्त भरल्या, तर फुलाला हात लावू नका. दोन फुलांमधल्या ४ चौकटींच्या ३ किंवा ५ करा, काठाजवळची मोकळी जागा कमी-जास्त करा. हे गणित वहीत नीट जुळेपर्यंत सुईत दोरा ओवायचा नाही.

भरायची सुरुवात कोपऱ्यातून नव्हे, बाजूच्या मध्यातून करा. कोपऱ्यातून भरत आलात आणि वाटेत एक चौकट चुकली, तर शेवटच्या कोपऱ्यात फूल मावत नाही आणि सगळं उसवावं लागतं. कापडाची बरोबर अर्धी घडी घालून मध्यरेषा काढा. फुलं दहा, म्हणजे मध्यावर फूल न येता मोकळी जागा येते: मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना २-२ चौकटी सोडायच्या आणि तिथून एक फूल डावीकडे, एक उजवीकडे. दर २६ चौकटींवर मशीनच्या फिक्या पिवळ्या दोऱ्याने धावदोरा घालून ठेवा. सुती दोऱ्यापेक्षा टेरिकॉटचा दोरा गुळगुळीत असतो, त्यात सुई अडकत नाही आणि शेवटी एका ओढीत निघतो. या खुणांना लाल किंवा काळा दोरा अजिबात वापरू नका, त्याचे तंतू पांढऱ्या कापडात राहतात.

फूल वहीत उतरवणं

पोरांची चौकटीची गणिताची वही घ्या. एक चौकट म्हणजे एक फुली. परसातली एक जास्वंद तोडून समोर ठेवा, पाच पाकळ्यांची साधी लाल, गेंदेदार नको. गोल पाकळी चौकटींत काढताना पायऱ्या पडणारच. कडेच्या पायऱ्या आधी ३ चौकटींची, मग २, मग १, १ अशा कमी होत गेल्या की हातभर अंतरावरून गोलाई दिसते. सगळ्या पायऱ्या सारख्याच पडल्या तर पाकळी पतंगासारखी कोनदार होते. दोन पाकळ्यांच्या मध्ये गडद लाल रंगाची एक ओळ टाका, नाहीतर सगळं मिळून नुसता लाल गोळा. मधला दांडा पाच-सहा फुल्यांचा, तिरका, टोकाला पिवळे ठिपके. खाली दोन पानं.

दोरा

वही भरली की रंगाप्रमाणे चौकटी मोजा. माझ्या फुलात लाल सुमारे १२०, हिरव्या ६०, पिवळ्या १२. चारी बाजूंची मिळून फुलं ३६, कारण कोपऱ्यातलं फूल दोन बाजूंना सामाईक. म्हणजे लाल फुल्या ४,३२०. भरतकामाची लच्छी ८ मीटरची आणि सहा पदरी असते. ११ च्या कापडावर तीन पदरांनी भरलं तर एका लच्छीत साधारण हजारेक फुल्या होतात. म्हणून लाल पाच लच्छ्या, हिरव्या तीन, पिवळी एक. लाल मी नेहमी एक जास्तीची घेते आणि सगळ्या एकाच वेळी, एकाच खोक्यातल्या घेते. नंबर तोच असला तरी वेगळ्या वेळी रंगवलेल्या दोऱ्यात किंचित फरक येतो आणि शेजारीशेजारी आल्यावर तो दिसतो. मी अँकर कंपनीचा ४६ नंबरचा लाल वापरते, पाकळ्यांमधल्या रेघेसाठी ४७. दोन्ही लाल मिळून पाच लच्छ्या धरल्या आहेत.

लाल दोरा रंग सोडतो का, ते भरण्याआधी बघा. वीतभर दोरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवा. रुमाल गुलाबी झाला तर तो दोरा थंड पाण्यातून, पाणी स्वच्छ येईपर्यंत काढा आणि सावलीत वाळवा. कापड पूर्ण भरल्यावर हे कळलं तर फार जीव जातो.

सुई बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची, २२ किंवा २४ नंबरची. काम थांबवताना ती कापडात टोचून ठेवू नका. आमच्या खाऱ्या हवेत सुईला गंज धरायला वेळ लागत नाही, आणि पांढऱ्या मॅटीवरचा गंजाचा डाग सहजी जात नाही. त्याच कारणाने टाचण्या आणि सेफ्टी पिना या कामात नकोतच. कापड ताणून धरायची रिंग प्लास्टिकची घ्या, लाकडी पावसात फुगते. रोज उठताना रिंग काढून ठेवा.

हात धुऊन, पुसून बसा. नारळ खवून झाल्यावर बोटांना तेल राहतं, केसांचं खोबरेल तर असतंच, आणि दोरा ते सगळं शोषून घेतो. मासे साफ केलेल्या दिवशी मी भरायला घेतच नाही.

फुली

हातभर दोरा कापा, म्हणजे बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत. त्यातून एकेक पदर वेगळा ओढून काढा आणि मग तीन पदर परत एकत्र जुळवा. सहातून तीन एकदम ओढले तर पीळ तसाच राहतो आणि फुली चपटी बसत नाही. गाठ मारायची नाही. मागे इंचभर शेपूट सोडून पहिल्या पाच-सहा टाक्यांखाली ती दाबून घ्या. संपवतानाही मागच्या टाक्यांखालून सुई नेऊन दोरा कापा.

ओळीने भरताना डावीकडून उजवीकडे जाताना अर्ध्या फुल्या, खालच्या डाव्या भोकातून वरच्या उजव्या भोकात. परत येताना त्यांच्यावर दुसरा तिरका टाका. वरचा टाका संपूर्ण कापडभर एकाच दिशेला झुकलेला हवा. भरतकामाच्या दोऱ्याला तजेला असतो आणि टाक्याची दिशा बदलली की उजेड वेगळा पडतो. समईच्या उजेडात एखादं फूल काळपट दिसलं, तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

या किनारीत ती चूक होण्याची एक ठरलेली जागा आहे. समोरची बाजू भरून झाली की डावी बाजू भरायला आपण सहज कापड पाव वळसा फिरवतो, म्हणजे फूल परत सरळ दिसतं. पण कापड पाव वळसा फिरवलं की आधीच्या फुल्यांचा वरचा टाका दुसरीकडे झुकतो, आणि आपण नव्या फुल्या सवयीप्रमाणे जुन्याच दिशेने घालत राहतो. मग दोन बाजू समोरासमोर बरोबर आणि उरलेल्या दोन वेगळ्या चमकतात. म्हणून कापड फिरवायचं नाही, वहीचं पान फिरवायचं. समोरच्या काठावर बाहेरच्या बाजूला निळ्या दोऱ्याचा एक मोठा टाका घालून ठेवा; रोज बसताना तो टाका आपल्याकडे आहे एवढं बघा. अर्धा वळसा फिरवलं तर चालतं, दिशा तीच राहते.

आमच्या सासूबाई कुणाचंही भरतकाम हातात आलं की आधी उलटं करतात. "मागचा बघया," म्हणतात. त्या बरोबर आहेत. एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मागून दोरा ओढत नेला तर पांढऱ्या कापडातून लाल रेघ पुढे दिसते, आणि लोंबते दोरे धुताना अडकतात. तीन-चार चौकटींपलीकडे दोरा न्यायचा नाही. प्रत्येक फूल स्वतंत्र सुरू करायचं, स्वतंत्र संपवायचं. पानांच्या शिरा शेवटी एकाच पदराने, बॅक स्टिचने, म्हणजे प्रत्येक टाका मागच्या टाक्याला जोडत.

पहिल्यांदाच करत असाल तर फक्त समोरची बाजू भरा, दहा फुलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तीच दिसते. पुढच्या पावसाळ्यात डावी, मग उजवी. आमच्याकडे जुलैत लावणी असली की चिखलातून घरी आल्यावर हातात सुई धरायचं त्राण नसतं, तेव्हा घाई करून काही साधत नाही.

शिवणं, धुणं, ठेवणं

भरण्याचं काम नारळी पौर्णिमेला थांबवा. तिथून चतुर्थीपर्यंत १८ ते २० दिवस मिळतात आणि ते सगळे लागतात, कारण पावसात जाड कापड लवकर सुकत नाही. धावदोऱ्याच्या खुणा ओढून काढा. किनारीबाहेरच्या १५ चौकटी आणि दुमडीचा १ इंच ठेवून जास्तीचं कापड कापा, मग काठ आधी पाव इंच, मग पाऊण इंच दुमडा. कोपऱ्यात जाड गोळा होतो म्हणून तिथलं टोक तिरकं कापून मग दुमड घाला. मशीनला १६ नंबरची सुई लावून टीप मारा. पावसाळ्यात मशीनला तेल दिलं असेल तर आधी जुन्या फडक्यावर दोन-चार टिपा मारून तेल उतरू द्या. अस्तर लावू नका, आत ओल राहते.

धुताना थंड पाणी, थोडा सौम्य साबण, पिळणं नाही. जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा आणि दाबा. मग पंख्याखाली आडवं वाळवा. किंचित दमट असताना टॉवेलवर भरलेली बाजू खाली ठेवून मागून इस्त्री फिरवा, म्हणजे फुल्या चेपत नाहीत. इस्त्रीनंतर लगेच घडी घालू नका, आतली वाफ निघून जाऊ द्या.

गणपतीच्या दिवसांत निरांजनाखाली तबक ठेवाच. तरी तेल सांडलं तर लगेच तांदळाचं पीठ भुरभुरा, तासाभराने झटका, मग साबण लावा. हळदीचा डाग साबणाने धुऊन थोडं ऊन दिलं की फिका होत जातो. तेवढाच भाग उन्हात येईल असं कापड धरा, फुलं झाका, कारण उन्हाने दोऱ्याचा लालही विटतो. कुंकवाला पाणी लावण्याआधी कोरड्या ब्रशने झाडून घ्या.

विसर्जनानंतर आळस न करता धुवा, डाग राहू दिले तर वर्षभरात पक्के होतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत राहिलेली ओल कुठे जात नाही आणि काळे ठिपके धरतात. जुन्या धुतलेल्या सुती धोतरात किंवा मांजरपाटात, भरलेली बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळी करा. नळाच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा मधे घेतला तर घडीची रेघही पडत नाही. सोबत लवंगांची पुरचुंडी. डांबराच्या गोळ्या घातल्यात तर त्या कापडाला लागू देऊ नका. लोखंडी ट्रंकेत ठेवणार असाल तर तळाला आणि बाजूंना जाड चादर घाला. ऑक्टोबरची कडक उन्हं पडली की एकदा आणि मे महिन्यात आमसुलं-पापड वाळत घालाल तेव्हा एकदा, ही गुंडाळी सोडून पडवीत सावलीला वाऱ्यावर टाका. मे महिन्यातच मागची बाजू तपासून सुटलेली टोकं दाबून घ्या, आणि पुढची बाजू भरायची असेल तर दोरा त्याच वेळी मागवा.