कोल्हापूरचे तलाव आणि पाणथळी पायी किंवा सायकलने पाहताना या चुका टाळा

रंकाळा तलावाला फेरी मारणे कोल्हापूरकराच्या अंगवळणी पडलेले असते. शहराच्या बाजूचा काठ बांधीव आहे, पायाखाली पदपथ आहे, संध्याकाळी दिवे लागतात आणि भेळेच्या गाड्याही समोरच असतात. या सवयीत वाढलेला फिरस्ता कळंब्याकडे, राजाराम तलावाकडे किंवा पंचगंगेकाठच्या पाणथळींकडे वळतो तेव्हा तेथेही तसाच काठ गृहीत धरतो आणि बहुतेक फजित्यांचे मूळ याच गृहीतकात असते. बांधीव काठ बारा महिने एका जागी राहतो, मातीचा काठ मात्र महिन्यागणिक सरकतो. ऑगस्टमध्ये जेथे छातीभर पाणी असते तेथे फेब्रुवारीत ओला गाळ आणि मे महिन्यात भेगाळलेली जमीन असू शकते. त्यामुळे घरून निघण्यापूर्वी तलाव कसा आहे एवढेच नव्हे, तर तो या महिन्यात कसा आहे याची चौकशी करावी.

नकाशाच्या भरवशावर बंधारा ओलांडणे

मोबाइलवरील नकाशा तलावाची एकच कड दाखवतो आणि ती कोणत्या महिन्यातली हे सांगत नाही. पण खरी अडचण बंधाऱ्यांची आहे. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि पंचगंगा या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि त्यांतील अनेकांच्या माथ्यावरून पलीकडच्या गावाला जाणारा रस्ता जातो. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या खांबांच्या खाचांत बरगे (आडव्या फळ्या) बसवून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर ते काढून घेतात, म्हणजे पुराला वाट मोकळी राहते. नकाशाच्या लेखी मात्र बंधारा हा बारमाही पूल असतो, आणि काही किलोमीटरचा वळसा वाचतो म्हणून तो सायकलस्वाराला नेमका तेथूनच नेतो.

पावसाळ्यात वर्तमानपत्रे राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी रोज छापतात. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. आकडा ३९ च्या खाली आहे म्हणजे सगळे रस्ते खुले आहेत, असा अर्थ काढणे ही फार प्रचलित चूक आहे, कारण अनेक बंधारे या पातळीच्या कितीतरी आधी पाण्याखाली गेलेले असतात. शहरावरचे आकाश पाहूनही अंदाज बांधू नये. गगनबावडा आणि राधानगरी भागात पाऊस कोसळत असताना कोल्हापुरात लख्ख ऊन असू शकते. शिवाय राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. जलाशय भरला की ते आपोआप उघडतात आणि ते पाणी काही तासांनी खालच्या गावांपर्यंत येते. सकाळी कोरडा पार केलेला बंधारा परतीच्या वेळी पाण्याखाली असणे हे त्यामुळे नवलाचे नाही.

बंधाऱ्यावरून घोट्याएवढे पाणी वाहत असले तरी मागे फिरावे. बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो, माथ्यावर शेवाळ धरलेले असते आणि हातात धरून नेलेली सायकलसुद्धा पाण्याचा आडवा रेटा घेऊन माणसाला कडेकडे ओढते. पाणी ओसरल्यानंतरचे एकदोन दिवसही तितकेच फसवे असतात, कारण माथ्यावर गाळाचा निसरडा थर राहतो, केंदाळ आणि ओंडके अडकलेले असतात आणि दोन्ही टोकांचा मातीचा भराव आतून खचलेला असू शकतो. अलीकडच्या गावातील टपरीवर चौकशी केली, की "रस्ता चालू हाय" किंवा "वरनं पाणी हाय, जाऊ नगासा" एवढे उत्तर लगेच मिळते आणि ते कोणत्याही नकाशापेक्षा ताजे असते.

वाळलेला दिसणारा गाळ

उन्हाळ्यात कळंब्यासारख्या तलावाचे पाणी मागे हटते आणि पाण्यापर्यंत सरळ चालत जाण्याचा मोह होतो. वरचा थर पापडासारखा वाळून त्याच्या कडा उचललेल्या असतात, त्यावर पहिली काही पावले निर्धास्त पडतात आणि मग एकाएकी पाय पोटरीपर्यंत आत जातो. भेगा दिसल्या म्हणजे जमीन टणक झाली असे नसते. भेग किती खोल आहे आणि तिच्या तळाशी ओल आहे का, हे पाहावे लागते. हातातली काठी टोचून पाहावी. ती वीतभर सहज आत गेली आणि बाहेर निघताना तिला काळा, चिकट गाळ लागला, तर पुढे जाऊ नये. म्हशींच्या खुरांचे ठसे हीही चांगली खूण आहे, कारण ठसा उथळ आणि कोरडा असेल तर जमीन वजन पेलते आणि खोल ठशात पाणी साचलेले असेल तर तेथे माणसाचाही निभाव लागत नाही.

पाय रुतलाच तर तो झटका देऊन उपसू नये. एक पाय ओढताना सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तोही खाली जातो. त्याऐवजी मागच्या बाजूला, जेथून आलो तिकडे, शरीर झुकवून बसते व्हावे, सायकल जवळ असेल तर ती आडवी टाकून तिच्यावर हातांचा भार द्यावा आणि पाय हळूहळू हलवत गाळात हवा शिरू द्यावी. बूट आत राहिला तर राहू द्यावा.

मागे हटलेल्या पाण्याच्या जागी कोठे कोठे गाळपेर केलेली असते. ती रिकामी जमीन समजून तिच्यातून सायकल घालणे म्हणजे कोणाच्या तरी पिकावरून चाक नेणे होय. जूनच्या पहिल्या पावसानंतर आणखी एक धोका वाढतो. उन्हाळ्यात गाळ उपसण्यासाठी यंत्राने खणलेले खड्डे पाण्याने भरतात आणि वरून सगळीकडे सारखेच उथळ पाणी दिसते. रंकाळ्याजवळच्या इराणी खणीसारख्या जुन्या खणींचे, म्हणजे पाण्याने भरलेल्या दगडखाणींचे, तर काठच उभे असतात, तेथे उथळ भाग असा नसतोच.

चुकीचा महिना आणि चुकीची वेळ

पक्षी पाहायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. स्थलांतरित बदके आणि पाणथळीचे इतर पाहुणे याच काळात येतात, आणि पाणी थोडे उतरलेले असल्यामुळे शेकाट्या, शराटी यांसारखे चिखलात चरणारे पक्षीही उघड्यावर दिसतात. मात्र हाच साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाचा काळ आहे. पहाटेच्या धुक्यात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मागे दिवा किंवा चमकपट्टी नसताना रस्त्याकडेला उभा असतो, आणि बैलगाड्यांनाही बहुधा दिवा नसतो. पहाटेच निघण्याच्या हौसेपायी अंधारात मुख्य रस्त्यावर सायकल घालण्याचे कारण नाही. उजाडल्यावर निघूनही पक्षी दिसतात. निघायचेच असेल तर सायकलला पुढे-मागे दिवे हवेत आणि अंगात फिकट रंगाचे कपडे हवेत. मुख्य रस्ता टाळून पाणंदीने, म्हणजे शेतांमधल्या वाटेने, जाणे अधिक सुखाचे असते, पण दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस असताना दिशेचे भान सुटते. म्हणून पाणंदीत शिरताना कोणत्या वळणावर आलो ते लक्षात ठेवावे.

प्रकाशाचाही विचार करावा. सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठावर उभे राहिले तर सूर्य पाठीशी असतो आणि हळदीकुंकू बदकाच्या चोचीचे पिवळे टोकही स्पष्ट दिसते. त्याच वेळी पश्चिमेकडून पाहणाऱ्याला सगळे पक्षी काळे दिसतात आणि तो, येथे काही विशेष नाही, असे म्हणून परततो.

पूर्ण फेरा मारण्याचा हट्ट

सायकलस्वाराला तलाव दिसला की त्याला पूर्ण वळसा घालावासा वाटतो. पाणथळ पाहण्याची ही सर्वांत निकृष्ट रीत आहे, असे माझे मत आहे. काठाने सतत सरकणारा माणूस दिसला की वारकरी आणि टिबुकल्या हे पोहणारे पाणपक्षी मध्यावर निघून जातात, जांभळ्या पाणकोंबड्या पाणगवतात शिरतात आणि फेरा संपेपर्यंत काठ रिकामा झालेला असतो. सायकल दूर लावून, सांडव्याच्या जवळ किंवा ओढा जेथे तलावाला मिळतो तेथे अर्धा तास एका जागी बसल्याने अधिक पाहायला मिळते.

मार्च ते ऑगस्टच्या सुमारास टिटवीचे घरटे हा वेगळा विषय होतो. घरटे म्हणजे उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा, त्याभोवती थोडे खडे, आणि आत मातकट रंगावर काळे ठिपके असलेली अंडी, जी दोन पावलांवरूनही ओळखू येत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर छायाचित्र घेण्यासाठी थांबू नये. पायाखाली नीट पाहत आल्या वाटेने मागे जावे, कारण उन्हात अंडी फार वेळ उघडी राहिली तर ती वाया जातात. ड्रोन उडवण्याचा विचारही करू नये. राजाराम तलावाच्या बाबतीत तर उजळाईवाडीचा विमानतळ जवळच आहे.

सायकलच्या तक्रारी

येथील काळी माती ओली असताना चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरतच नाही. अशा वेळी जोर लावून ढकलल्याने मडगार्डची पट्टी वाकते. सायकल उचलून गवतावर आणावी आणि माती ओली असतानाच काटकीने काढावी. वाळल्यावर ती दगडासारखी होते.

पंक्चर हे बहुधा बाभळीच्या काट्याचे असते आणि ठिगळ लावूनही पुन्हा हवा गेली, तर दोष ठिगळाचा नसून टायरमध्ये राहिलेल्या काट्याच्या टोकाचा असतो. ट्यूब काढण्यापूर्वी टायरवर व्हॉल्व्हच्या समोर खूण करावी, म्हणजे ट्यूबमधील छिद्रावरून टायरमधील जागा शोधता येते. मग टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवावा, आणि तो जेथे अडेल तेथे काटा बाहेरच्या बाजूने ढकलून काढावा. पाण्यातून सायकल नेली असेल तर त्याच दिवशी साखळी पुसून तेल द्यावे, आणि चाकाचे बेअरिंग खरखरत असेल तर ते उघडून नवे ग्रीस भरून घ्यावे.

पाणी, साप आणि परवानगी

साचलेल्या पाण्यात उघड्या जखमेने उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पंचगंगा आणि कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत, त्यामुळे शिरोळकडील नदीकाठी पाण्यालगत बसणे टाळावे. गवतात आणि उसाच्या कडेला घोणस असते. दंश झाल्यास दोरीने आवळणे किंवा चिरा देणे यांत वेळ न घालवता, तो अवयव न हलवता, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट कोल्हापुरातील सीपीआरसारखे (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठे रुग्णालय गाठावे.

शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या राधानगरीला सायकलने जाणारे अनेकदा धरण पाहून तसेच दाजीपूरच्या जंगलात शिरू पाहतात. दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांसाठी राखीव केले गेले आणि आज ते राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. तेथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू असल्यामुळे वनविभागाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. परवानगीची चौकशी राधानगरीत पोहोचल्यावर नव्हे, तर निघण्याच्या आदल्या दिवशीच वनविभागाकडे करावी.