गॅस गीझरची ज्योत पाहत जा
गॅस गीझरची ज्योत निळी आणि स्थिर असावी. ती पिवळी पडून लवलवू लागली किंवा झाकणाच्या पत्र्यावर काजळी धरू लागली, तर गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होत असण्याची शक्यता धरून गीझर तत्काळ बंद करावा. या वायूला रंग नाही आणि वासही नाही, त्यामुळे नाकावर विसंबणे इथे घातक ठरते. गीझर न्हाणीघराबाहेर, हवा खेळती असेल अशा जागीच बसवावा. गॅसच्या नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का, म्हणजे गळती आहे का, ते अधूनमधून पाहावे (काडी पेटवून मुळीच नव्हे). बर्नरची सफाई मात्र वर्षातून एकदा जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.