ओव्हनशिवाय संत्रा-चक्क्याचे थरांचे पुडिंग : या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत शहरातली मुले-नातवंडे गावी आली की करंजी-अनारशांच्या जोडीला काहीतरी नवे गोड करण्याची फर्माईश हमखास होते. ज्या घरात ओव्हन नाही तेथे ही फर्माईश पुरवण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे थरांचे गार पुडिंग : खाली बिस्किटांचा थर, मध्ये गोड चक्का आणि वर संत्र्याच्या रसाची जेली. विदर्भातल्या संत्र्याच्या पट्ट्यात, वरूड-मोर्शी किंवा काटोल-नरखेडकडे, संत्री बहुधा घरची नाहीतर शेजारच्या बगिच्यातली असतात, दूध-दही घरचे असते, आणि विकत आणायचे ते बिस्किटांचे पुडे व जेली बांधणाऱ्या चायना ग्रासचे पाकीट एवढेच. भाजणे नाही, तळणे नाही, म्हणून हा पदार्थ सोपा समजला जातो, आणि बहुतेक चुका या समजुतीतूनच होतात. चुलीवरची खीर पातळ झाली तर आणखी दोन कढ देऊन आटवता येते. येथे आच नसल्यामुळे जे पाणी सुरुवातीला काढून टाकले नाही ते शेवटपर्यंत पदार्थातच राहते. निथळणे, पुसणे आणि निववणे हाच या पदार्थाचा खरा स्वयंपाक आहे, आणि घाईत नेमकी हीच कामे गाळली जातात.

साधारण २० सेंटीमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी डब्यासाठी २०० ग्रॅम बिस्किटे, ८० ग्रॅम लोणी, ५०० ग्रॅम चक्का, १५० ग्रॅम पिठीसाखर, ३०० मिलिलिटर संत्र्याचा रस आणि ५ ते ६ ग्रॅम चायना ग्रास एवढे प्रमाण धरले आहे. डबा स्टीलचा किंवा काचेचा घ्यावा. कल्हई नसलेले पितळ किंवा ॲल्युमिनियम दही आणि संत्रे या दोन्ही आंबट वस्तूंसाठी चालत नाही.

तळाचा थर : भुगा होणे किंवा दगड होणे

कापताना तळ भुसभुशीत सुटतो तेव्हा चुरा जाड राहिलेला असतो किंवा स्निग्ध पदार्थ कमी पडलेला असतो. उलट सुरी तळात शिरतच नाही तेव्हा बहुधा लोण्याऐवजी साजूक तूप भरपूर ओतलेले असते. तूप थंडीत थिजून घट्ट बसते, आणि फ्रिजमधून काढलेला तुपाचा तळ फोडावा लागतो. घरी तूपच असेल तर ते ६० ग्रॅमच्या वर घेऊ नये आणि दोन चमचे दूध शिंपडून चुरा थोडा मऊ करावा. मिश्रण बरोबर झाले की नाही हे मूठ दाबून पाहावे : लाडूसारखा आकार धरला पाहिजे आणि बोटाने ढकलल्यावर तो मोडलाही पाहिजे. तळहाताला तेलकट लकाकी राहिली तर स्निग्धता जास्त झाली आहे. मूठभर चुरा आणखी घालावा.

बिस्किटे कुटण्याचे काम मुलांना आवडते आणि ते त्यांनाच द्यावे. मात्र पुडा आदल्या दिवशी फोडून ठेवू नये, कारण सादळलेल्या बिस्किटांचा चुरा कितीही लोणी घातले तरी चिकट राहतो. स्वच्छ पिशवीत बिस्किटे घालून लाटणे फिरवले तर चुरा एकसारखा होतो. खलबत्त्यात कुटायचे असेल तर त्यात आधी मसाला किंवा लसूण कुटलेला नाही याची खात्री करावी, नाहीतर नंतर घरभर चौकशी होते. चुरा डब्यात पसरल्यावर वाटीच्या बुडाने, विशेषतः कडांना, नीट दाबावा आणि वरचा थर घालण्यापूर्वी अर्धा तास गार ठेवावा. न निवलेल्या तळावर चक्का घातला की लोणी सैल होते आणि दोन थर एकमेकांत मिसळतात.

चक्का पातळ होणे

या पदार्थातली सर्वात मोठी आणि सर्वात जास्त वेळा होणारी चूक हीच. रात्री नऊला टांगलेले दही सकाळी सहाला उतरवले, वरून कोरडे दिसले, म्हणजे चक्का झाला असे मानले जाते. प्रत्यक्षात पुरचुंडीच्या मध्यभागी पाणी शिल्लक असते. चक्का उतरवल्यावर पंचाची गाठ सोडून तो एकदा उलटापालटा करावा, पुन्हा बांधून त्यावर वरवंटा किंवा पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा आणि आणखी दोन तास द्यावेत. म्हशीच्या साधारण दीड लिटर दुधाच्या दह्यातून ५०० ग्रॅम चक्का निघतो. त्याहून बराच अधिक निघाला तर आनंद मानू नये, ते पाणी आहे.

दुसरा प्रश्न हवामानाचा. दिवाळी ऑक्टोबरात आली तर विदर्भात दुपारची उष्णता अजून पुरती ओसरलेली नसते, आणि खुंटीला दहा-बारा तास टांगलेले दही आंबते. आंबट चक्क्यावर साखरेचा मारा करणे हा उपाय नव्हे, कारण साखर चक्क्यातले पाणी ओढून घेते आणि मिश्रण आणखी सैल होते. दही गोडसर असतानाच बांधावे, आणि उष्णता असेल तर पुरचुंडी चाळणीत ठेवून, खाली पातेले घेऊन, फ्रिजमध्ये निथळत ठेवावी.

साखर दाणेदार घालू नये, पिठीसाखर चाळून दोन-तीन वेळा घालावी. चक्का मिक्सरमध्ये फिरवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने गुठळ्या जातात हे खरे, पण चक्क्याची घडण मोडून तो ओघळू लागतो. पुरणयंत्रातून काढलेला चक्का गुळगुळीतही होतो आणि घट्टही राहतो. आपल्याकडच्या श्रीखंडाची ही जुनी रीत येथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

साखरेविषयी एक गोष्ट खास कुटुंबाने मिळून करताना लक्षात ठेवावी. चार जण ओट्याभोवती असले की आजी चव घेऊन चमचाभर साखर वाढवते, थोड्या वेळाने काकू तेच करते, आणि तिसऱ्या खेपेला “आजी, साखर घातली का?” असे विचारायला कोणी उरत नाही. चव एकाच व्यक्तीने पाहावी आणि दर वेळी धुतलेल्या चमच्याने पाहावी. तोंडाला लागलेला चमचा पुन्हा चक्क्यात गेला की पदार्थ लवकर बिघडतो.

चक्का हलका व्हावा म्हणून दुकानातले क्रीम फेटून घालण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो. नेहमीच्या पाकिटातल्या क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि फेटून घट्ट उभे राहण्यासाठी तो ३० टक्क्यांहून अधिक लागतो, त्यामुळे ते कितीही फेटले तरी पातळच राहते. घरची म्हशीची साय मात्र फेटता फेटता पाहता पाहता लोणी होऊन बसते. माझ्या मते चक्का चांगला असेल तर दोहोंचीही गरज नाही.

संत्रे कडू लागणे

नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचे पीक, ऑक्टोबरपासून पुढे जानेवारीपर्यंत उतरतो, त्यामुळे दिवाळी लवकर आली तर झाडावरची फळे अजून आंबट असतात. साल हिरवट आहे म्हणून फळ आंबट किंवा पिवळी आहे म्हणून गोड, असा हिशेब धरू नये, कारण सालीला रंग चढण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो. एक फोड खाऊन पाहणे हीच खरी परीक्षा. हातात जड लागणारे फळ घ्यावे. साल फुगलेली आणि फळ पोकळ वाटले तर आत रस कमी असतो. बगिच्यात खाली पडलेली गळीची फळे वाया जाऊ नयेत म्हणून स्वयंपाकघरात पाठवण्याची पद्धत आहे. लोणच्याचा विचार वेगळा, पण या जेलीत ती घालू नयेत, कारण अर्धवट पिकलेल्या किंवा किडीने गळलेल्या फळाची चव रसात लपत नाही.

रस काढताना गोड लागतो आणि दोन तासांनी कडू होतो, ही तक्रार संत्र्याच्या पट्ट्यात सर्वांच्या परिचयाची आहे. फोडीच्या पडद्यात, पांढऱ्या धाग्यांत आणि बियांत असलेले एक द्रव्य रस निघाल्यावर त्यातल्या आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात बदलते, आणि उष्णतेने हा बदल आणखी लवकर होतो. म्हणून फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवणे ही घोडचूक ठरते. फोडी सोलून, धागे व बिया काढून, गर हाताने किंवा पळीने चाळणीवर हलका दाबावा; रस ऐनवेळी काढावा आणि तो उकळू नये. सोलण्याला वेळ लागतो, म्हणून हे काम दोघातिघांनी वाटून घ्यावे. ओल्या फोडी थेट चक्क्यात मिसळू नयेत, कारण त्यांचे पाणी सुटते आणि आदल्या रात्रीचे सर्व निथळणे फुकट जाते. फोडी घालायच्याच असतील तर पंचावर कोरड्या करून जेलीत घालाव्यात.

जेली न बसणे

जेलीसाठी जिलेटिन आणले असेल तर पाकिटावरची शाकाहारी-मांसाहारी खूण पाहावी. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते, आणि माळकरी किंवा शाकाहारी घरात ही गोष्ट पाने वाढल्यावर कळणे बरे नव्हे. तयार जेलीच्या पाकिटांतही ते असू शकते. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनते आणि येथे तेच सोयीचे. शिवाय कच्ची पपई किंवा कच्चे अननस घातल्यास जिलेटिन बसत नाही. चायना ग्रासला ती अडचण नाही.

मात्र चायना ग्रासचे स्वतःचे दोन नियम आहेत. ते पाण्यात भिजवून, उकळून, एकही कण किंवा तंतू दिसेनासा होईपर्यंत विरघळवावे लागते. नुसत्या गरम पाण्यात ते अर्धवट राहते. दुसरे म्हणजे आंबट रसाबरोबर उकळले तर त्याची बांधण्याची ताकद कमी होते. म्हणून २५० मिलिलिटर पाण्यात ते वेगळे उकळावे, पाणी २०० मिलिलिटरच्या आसपास उरले आणि द्रावण स्वच्छ दिसू लागले की भांडे खाली उतरवावे, आणि मग त्यात रस व दोन-तीन चमचे साखर मिसळावी. हा रस घरातल्या साध्या तापमानाचा असावा. उकळते २०० मिलिलिटर पाणी आणि २५ अंशांचा ३०० मिलिलिटर रस एकत्र केले तर मिश्रण ५० अंशांच्या थोडे वर राहते आणि ओतायला सवड मिळते. फ्रिजमधला गार रस घातला तर तेच ४० अंशांजवळ येते, आणि चायना ग्रास साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान बसू लागत असल्याने भांड्यातच गुठळ्या होतात. गुठळ्या झाल्याच तर भांडे उकळत्या पाण्यावर धरून त्या विरघळेपर्यंत ढवळावे. सरळ जाळावर ठेवले तर रस कडू होण्याची भीती असते.

जेली ओतण्याची वेळही जपावी लागते. वाफ निघत असताना ओतली तर चक्का वितळून वर येतो आणि पांढरट गढूळ थर तयार होतो. फार थांबले तर जेली भांड्यातच बसते. भांडे हाताला सोसेल इतके निवले की पळीच्या पाठीवरून, एका कडेपासून, सावकाश ओतावी. त्याआधी चक्क्याचा थर तासभर गार झालेला असावा, आणि त्याचा पृष्ठभाग काट्याने हलका ओरखडून ठेवावा. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर जेली धरत नाही आणि कापताना तिची चकती घसरून वेगळी होते. गरम चायना ग्रासचे भांडे मुलांच्या हाती देऊ नये, हे द्रावण कातडीला चिकटून भाजते.

इतके करूनही जेली चार तासांनंतर लिबलिबीत राहिली तर ती चमच्याने काढून घ्यावी, दोन ग्रॅम चायना ग्रास थोड्या पाण्यात वेगळे उकळून त्यात मिसळावे आणि पुन्हा ओतावी. या पदार्थात पुन्हा दुरुस्त करता येण्याजोगा थर एवढाच आहे.

गार करताना

पदार्थ लवकर व्हावा म्हणून तो बर्फाच्या कप्प्यात ठेवणे चुकीचे आहे. जेली गोठली की तिची जाळी फाटते, आणि बाहेर काढल्यावर पाणी सुटून खालचा चक्का ओला होतो. खालच्या कप्प्यात झाकण लावून सहा तास ठेवावे. झाकणाखाली स्वच्छ फडके ताणून बांधले तर वाफेचे थेंब जेलीवर पडत नाहीत. दिवाळीत फ्रिज फराळाच्या डब्यांनी भरलेला असतो, आणि फराळाला फ्रिजची गरज नसते. ते डबे आधी बाहेर काढावेत, म्हणजे हवा फिरते.

वीज गेली तर दार उघडून पाहण्याचा उद्योग करू नये. बंद फ्रिज तीन-चार तास गारवा धरतो. भारनियमनाचे वेळापत्रक ठाऊक असेल तर पदार्थ वीज आल्या आल्या ठेवावा. नाताळच्या सुट्टीत हाच पदार्थ केला तर काम सोपे होते, कारण डिसेंबरात नागपूर-गोंदियाकडे रात्रीचे तापमान अनेकदा १० अंशांच्या आसपास उतरते आणि घट्ट झाकलेला डबा पडवीत ठेवूनही जेली उत्तम बसते. मांजराचा बंदोबस्त तेवढा करावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र हा बेत फ्रिज भरवशाचा असेल तरच आखावा. ४५ अंशांच्या दुपारी लोणी तर वितळतेच, चायना ग्रासही बाहेर बसत नाही.

वाढताना

सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, सरळ खाली दाबावी, आणि प्रत्येक काप घेतल्यावर पुन्हा पुसावी. करवतीसारखी मागेपुढे ओढली तर जेली फाटते. पहिला तुकडा मोडतोच, तो कापणाऱ्याने खावा. सर्वच तुकडे मोडू लागले तर पाहुण्यांसमोर झगडत बसू नये. पदार्थ चमच्याने पेल्यांत किंवा वाट्यांत भरावा, वर ताज्या फोडी ठेवाव्यात. चव तीच राहते. बाहेर काढलेले पुडिंग दोन तासांत संपवावे किंवा परत गार जागी ठेवावे. उरलेले दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगले लागते, तळ जरा मऊ पडतो इतकेच. तिसऱ्या दिवशी चक्का आंबू लागतो आणि जेलीतला कडूपणाही वाढतो, त्यामुळे शेजारी वाटप करायचे असेल तर ते पहिल्याच दिवशी करावे.