उंच कमानदार छत रंगवायला घेण्याआधी

ब्रश, रोलर, बादली, जुन्या चादरी हे तुम्ही जमवालच. रंग आणण्याच्याही आधी एक गोष्ट करा: छतावर तळहात फिरवून बघा. भिंतीवर नव्हे, छतावर, आणि तेही पार माथ्याशी, जिथे हात पोचत नाही तिथे.

मी मागच्या वेळी हात पोचेल तिथे भिंत चोळून पाहिली. घट्ट लागली, म्हणून वरही तसंच असणार असं धरून चाललो. रंगाचा पहिला हात छान बसला. दुसरा हात मारताना माथ्याजवळ रोलर वर टेकवला आणि खाली ओढला, तर आधीच्या रंगाची वीतभर साल त्याला गुंडाळून खाली आली. साल उलटी करून पाहिली तर मागे पिठासारखा पांढरा थर. कधीकाळचा चुना होता तो. रंगाने चुना धरला होता, पण चुन्याने गिलावा कधीच सोडला होता. दुसऱ्या हाताच्या ओलीने तो आणखी सुटला. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

म्हणून परांची उभी राहिली की आधी वर चढा आणि तळहात फिरवा. हाताला पांढरं लागलं तर थांबा. नाही लागलं तरी चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा आणि मागची बाजू बघा. हे एकाच जागी करून भागत नाही. माथा, दोन्ही उतार, खिडकीच्या वरची बाजू, जुन्या गळतीचा डाग, सगळीकडे करा. भुकटी निघाली तर पाणी फवारून चुना भिजवा, स्क्रेपरने काढा, ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मग प्रायमर. भुकटीवर थेट प्रायमर मारू नका, तोही सालीसकट येईल. घर जुनं असून वर तैलरंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासायचा नाही.

आता परांची. कमानीला शिडी टेकवायला सरळ आधार मिळत नाही, त्यामुळे शिडीवर हे काम करू नका. बाजूच्या भिंतीपुरती शिडी लावलीत तर चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर हवा. परांचीला चाकं असतील तर ती लॉक करा. वर माणूस असताना परांची ढकलायची नाही, कितीही थोडं सरकवायचं असलं तरी. फळी एवढ्या उंचीवर घ्या की माथा डोक्याच्या थोडा वर येईल. दिवसभर मान मागे टाकून उभं राहिलात तर दुसऱ्या दिवशी ती वळणार नाही. डोळ्यांना चष्मा हवाच.

पंख्याचा नुसता स्विच बंद करून भागत नाही, एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा खटका) पाडा. पाती पिशवीत बांधा.

सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा, नाहीतर अर्ध्या छतावर छटा बदलेल. रंग मॅटच घ्या. चकाकी असली की खिडकीच्या तिरप्या उजेडात प्रत्येक खड्डा दिसतो. गरम हवा वर साठते, त्यामुळे माथ्याचा रंग लवकर सुकतो आणि जोड उठून दिसतात. म्हणून पट्टा माथ्यापासून खाली ओढा आणि तो ओला असतानाच पुढचा त्याला भिडवा. मधेच चहाला उतरू नका. पट्टा पुरा करा, मग उतरा.

दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढं पाळा. दुसऱ्या हाताआधी पुन्हा एकदा माथ्यावर तळहात आणि चिकटपट्टी. हो, पुन्हा.

मास्किंग टेप रंग पुरता कडक व्हायच्या आत काढा. परांची सोडण्याआधी रात्री दिवा तिरपा धरून छत बघून घ्या. राहिलेले ठिपके तेव्हाच भरा.